अपुऱ्या मालिकेलाही हात लावावा

‘पुस्तकांच्या मालिकेचा शेवटचा भाग आल्याशिवाय पहिला उघडायचाच नाही’ असं काही वाचक म्हणतात, ते मला पटत नाही. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरी-मालिकेचा पाचवा भाग जुलै २०११ मध्ये आला आणि सहाव्याची वाट बघून आपण सगळेच थकलो, हे खरंच आहे. पण त्या पाच भागांनी जे दिलं, ते सहावा आला नाही म्हणून परत जातं का?

रॉबर्ट जॉर्डन यांचंच बघा. ‘द व्हील ऑफ टाइम’ ही त्यांची कादंबरी-मालिका १९९० मध्ये सुरू झाली. २००७ मध्ये ते गेले तेव्हा अकरा भाग झाले होते. शेवट कसा करायचा, याची टिपणं ते आजारपणातही तयार करत होते. लेखक ब्रँडन सँडरसन यांनी त्यावरून आणखी तीन भाग लिहिले, चौदावा २०१३ च्या जानेवारीत आला. बाराव्यात मॅट या पात्राची बोलण्याची ढब बदललेली लगेच जाणवते, मला ती खुपलीही. तरी शेवटची लढाई वाचताना रात्रभर झोपले नाही.

२०१९ च्या महापुरात आमच्या सांगलीतल्या गावभागातल्या घरात कृष्णेचं पाणी शिरलं. खालच्या कपाटातले या मालिकेचे बहुतेक भाग गेले. विश्रामबागला मामेबहिणीकडे दिलेले तीन तेवढे कोरडे राहिले. भिजलेला चौथा भाग पंख्याखाली आठवडाभर वाळवला. पानं फुगलीत, कडेला गाळाची रेघ आहे. नवी प्रत घेतली नाही, अजून तोच काढून वाचते.

भाची आता अकरावीत आहे. तिला मार्टिन यांचा पहिला भाग या दिवाळीत देणार आहे, सहावा येवो न येवो.