मुलांना यंत्र हाताळू द्या

निवडणुकीच्या गदारोळापासून मुलांना लांबच ठेवावं, हे मत मला अजिबात पटलं नाही. मी सातवी-आठवीला नागरिकशास्त्र शिकवते. शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक आम्ही अगदी रीतसर घेतो: अर्ज, छाननी, माघार, चिन्हवाटप, आदल्या दिवशी प्रचार बंद. मतदानयंत्र म्हणजे मोबाईलवरचं अ‍ॅप. खऱ्या केंद्रावर मतदानाआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतं टाकून, मोजून, मग यंत्र कोरं करतात, हे सांगितल्यावर पोरांनी तेही करायला लावलं. शेवटचं मत मोजेपर्यंत दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी वहीत रेघा ओढत होते. यंत्रावरचा विश्वास कसा तपासायचा, हे फळ्यावर शिकवून इतकं कळलं नसतं.

गेल्या वर्षी एक मुलगी एका मताने हरली. तिच्या दोन मैत्रिणी तेव्हा मैदानावर खो-खो खेळत होत्या. त्या दिवशी डबा खाताना तिघीही गप्प होत्या. यंदा त्या दोघी रांगेत सर्वांत पुढे!

आणि अकरावी-बारावीच्या शिक्षकांना कळकळीची विनंती: १७ पूर्ण झालेल्यांना मतदार नोंदणीचा नमुना ६ आगाऊ भरता येतो. तो वर्गातच भरून घ्या.