मदत हवी आहे: भाऊ आत आहे, आईला मुलाकातीत त्याचं काही ऐकूच येत नाही

मधली_बहीण

नमस्कार. वेगळा आयडी काढून लिहितेय, कारण जुन्या आयडीला अर्धे नातेवाईक ओळखतात आणि गावाकडे आम्ही अजून "दमणला कामाला गेलाय" एवढंच सांगितलंय.

धाकटा भाऊ सात आठवडे न्यायालयीन कोठडीत आहे. मुंबईतलंच कारागृह, कुठलं ते लिहीत नाही. केसबद्दलही नाही. वकील दिलाय, सेशन्सला जामिनाचा अर्ज लागलाय, ते त्याच्या गतीने चाललंय. माझा प्रश्न आईचा आहे.

आई ७१ वर्षांची. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, उजव्या कानाला मशीन. मुलाकात म्हणजे काचेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे तो आणि मध्ये इंटरकॉम. रिसीव्हर मशीनवर ठेवला की शिट्टी वाजते. मशीन काढलं की सगळंच बंद. शेजारी दहाबारा घरची माणसं एकाच वेळी ओरडून बोलत असतात. मग रिसीव्हर माझ्या कानाला, मी ऐकायचं, आईकडे वळून ओठ हलवून सांगायचं, तोवर तो पुढचं वाक्य बोलून मोकळा. वीस मिनिटं अशीच जातात. पहिल्या वेळी बाहेर आल्यावर आई म्हणाली, "बारीक झालाय. बाकी काय म्हणाला?" तिसऱ्या वेळी तेही विचारलं नाही. गेल्या आठवड्यात म्हणाली, "तूच जा. मी येऊन नुसती बघत बसते, त्यालाही कसंतरी होत असेल."

मला हे नकोय. ती घरी बसली तर बसूनच राहील, मी ओळखते तिला.

आणखी दोन अडचणी. माझ्या आधारवर नवऱ्याचं आडनाव आहे. एकदा तेवढ्यावरून बराच वेळ खोळंबले, "बहीण कशावरून?" म्हणून. आणि कैद्यांना आतून फोन करता येतो म्हणे, पण आमच्या हिरोला कुणाचाही मोबाइल नंबर पाठ नाही. पाठ आहे तो चाळीतल्या शेजाऱ्यांचा लँडलाइन, जो कधीच बंद झालाय.

कुणी यातून गेलंय का? काय केलंत?

---

शिवडीकर

ताई, ई-मुलाकात करून पाहिलीत का? ती घरूनच मोबाइलवर होते. एनआयसीच्या, म्हणजे सरकारी संगणक केंद्राच्या, ई-प्रिझन्स पोर्टलवर नोंदणी होते. तुमचं नाव, पत्ता, नातं, ओळखपत्राचा क्रमांक, मग राज्य आणि कारागृह, मग कैद्याचं आणि त्याच्या वडिलांचं नाव. भेटीचा प्रकार विचारतात तिथे व्हिडिओवाला निवडा. मोबाइलवर ओटीपी येतो आणि मंजुरी आली की वेळ कळते. घरात पंखा बंद, खिडकी बंद, मोबाइल ब्लूटूथ स्पीकरला जोडा. आईंना काचेपाशी ऐकू येतं त्यापेक्षा नक्की जास्त येईल.

भावाचं नाव तुम्ही लिहिता तसं नका भरू. रिमांडच्या कागदावर इंग्रजीत जसं टाइप झालंय तसंच भरा, चूक असली तरी चुकीसकट. माझ्या मेव्हण्याच्या वेळी एका जादा 'ए'पायी दोन आठवडे गेले.

---

निर्भीड_मत

आधी गुन्हे करायचे आणि मग आईची दया आणायची. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या आईचं काय?

---

अबोली_७

निर्भीड, धागा आईच्या कानांबद्दल आहे. त्यावर काही सुचत असेल तर लिहा, नाहीतर पुढच्या धाग्यावर जा.

मधली ताई, माझा नवरा चौदा महिने आत होता. आता घरी आहे, केस चालू आहे. मला जे उमगलं ते सांगते.

पत्र लिहा. मुलाकात वीस मिनिटांत संपते, पत्र उशाखाली राहतं. आंतरदेशीय अडीच रुपयांना मिळतं, पोस्टकार्ड पन्नास पैशांना. वर त्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, बंदी क्रमांक म्हणजे आतला कैदी नंबर, मग कारागृहाचा पत्ता. प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात आकडा टाका, १, २, ३. माझं सहावं पत्र आठव्याच्या नंतर मिळालं. आकडा नसता तर ह्याने डोक्यात काय काय घेतलं असतं देव जाणे. एक कायम लक्षात ठेवा, पत्र आधी तिथले अधिकारी वाचतात. केसमधलं एक अक्षर नको, साक्षीदाराचं नाव नको, "वकील असं म्हणाले" हेही नको. घरातलं लिहा. मी एकदा पानभर फक्त पाण्याच्या टाकीच्या नवीन वेळापत्रकावरची भांडणं लिहिली होती. ते पत्र म्हणे बराकीत सगळ्यांनी वाचलं.

फोनचं म्हणाल तर तुमचा नंबर पहिल्याच पत्रात ठळक लिहा. पुढे त्याने आत अर्ज द्यायचा, नंबर कुणाचा ते पडताळतात, मग ठरलेल्या दिवशी ठरलेली मिनिटं मिळतात. अनोळखी नंबर उचलायची सवय लावून घ्या. मी पहिला कॉल क्रेडिट कार्डवाले समजून कापला होता. त्यानंतरचे चार दिवस कसे काढले ते माझं मला माहीत.

आणि कुणी बाहेर गाठून "दोन हजार द्या, आत मोबाइलवर बोलायला देतो" म्हणालं तर तिथून सरळ निघा. पैसे तर जातातच, पकडला गेला तर नवीन गुन्हा भावावर लागतो. "तुमच्या माणसाला आत मारलंय, औषधाला लगेच जीपे करा" असेही फोन येतात. मला दोनदा आले.

---

मधली_बहीण

अबोलीताई, टाकीवरची भांडणं वाचून सात आठवड्यांत पहिल्यांदा हसले.

पैशांवरून आठवलं. त्याला कँटीनसाठी मनीऑर्डर करायला आईला घेऊन पोस्टात गेले होते. दोन हजारांवर शंभर रुपये कमिशन, म्हणजे वीस रुपयांना एक रुपया. आईने आधी त्यावर तोंड वाकडं केलं आणि मग विचारलं, "मजकूर कुठे लिहायचा?" वडील गिरणीत होते, आई तेव्हा कोकणात. दर महिन्याला मनीऑर्डर यायची आणि फॉर्मच्या खालच्या चिठोऱ्यावर वडिलांच्या दोन ओळी असायच्या. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा आणि चिठोरं फाडून हातात ठेवायचा. ती चिठोरी अजून तिच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, आजी, आता तसं नसतं, तयार मजकूर असतात, त्यातला एक नंबर सांगा. आई म्हणाली, "मग नको."

---

रात्रपाळी

माझ्या आजोबांचीही अशीच चिठोरी होती. एकावर फक्त "नांगराचे बघणे" एवढंच होतं. (अवांतराबद्दल माफी.)

---

काळाकोट_कुर्ला

क्रिमिनल साइडला प्रॅक्टिस करतो. सर्वसाधारण सांगतो, केसबद्दल तुमच्या वकिलांचंच ऐका.

आडनावासाठी लग्नाच्या दाखल्याची झेरॉक्स आणि माहेरच्या नावाचा एखादा कागद, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जुनं रेशनकार्ड, एका फाइलमध्ये कायम ठेवा. शिवाय भावाला आतून भेटायला येणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव आणि नातं नोंदवायला सांगा.

कच्च्या कैद्याला, म्हणजे ज्याचा निकाल लागलेला नाही त्याला, आठवड्याला एक मुलाकात. तो आठवडा वाया घालवू नका, गेलेली मुलाकात पुढे मिळत नाही. तारखेला कोर्टात भेट होईल या भरवशावरही राहू नका, हल्ली बरेच जण तुरुंगातून व्हीसीवरच (व्हिडिओ कॉलवर) हजर होतात. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर, म्हणजे केसचा सोळा अक्षर-आकड्यांचा नंबर, टाकला की पुढची तारीख दिसते. वकिलांना त्यासाठी रोज फोन करू नका. (हे सगळ्या वकिलांच्या वतीने.)

वकिलाची फी झेपेनाशी झाली तर कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये ते आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

आरोपपत्र आलंय का ते विचारून घ्या. गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत ते आलं नाही तर जामिनाचा हक्क तयार होतो, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि तोही आरोपपत्र येण्याआधी. तुमचे सात आठवडे म्हणजे ४९ दिवस झाले, म्हणून लिहिलं.

---

शिवडीकर

कोटसाहेबांच्या यादीत एक भर. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' नावाचा प्रकल्प १९९० पासून चालू आहे. त्यांचे सामाजिक कार्यकर्ते मुंबई-ठाण्याच्या कारागृहांत जातात. घरच्यांचा आणि आतल्या माणसाचा धागा तुटला असेल तर त्यांची फार मदत होते.

आणि बदलीकडे लक्ष ठेवा. आर्थर रोडची क्षमता वर्षानुवर्षं ८०४ सांगितली जायची आणि आत माणसं त्याच्या तीनचार पट. मग तळोजाला, कल्याणला हलवतात. बंदी क्रमांक बदलतो, पत्ता बदलतो आणि तुमची पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहतात.

---

कर्णफुले

इथे फक्त कानांबद्दल. मी ऑडिओलॉजिस्ट आहे.

आईंचं मशीन कानामागे बसणारं असेल तर रिसीव्हर कानाच्या भोकावर धरायचाच नाही. मशीनचा माइक वर असतो, कानाच्या टोकापाशी. रिसीव्हर तिथे, थोडा तिरका आणि बोटभर अंतरावर धरायचा. कानावर दाबला की आवाज मशीनमधून बाहेर येऊन परत माइकमध्ये शिरतो, तीच शिट्टी. दिसायला विचित्र दिसतं, फोन डोक्याला लावल्यासारखं, पण चालतं.

दुसरं म्हणजे बऱ्याच मशीनमध्ये टेलिकॉइल असतं, 'टी'चा प्रोग्रॅम. तो लावला की मशीन आजूबाजूचा गोंगाट सोडून रिसीव्हरमधल्या चुंबकीय लहरी पकडतं. दहा घरचा आरडाओरडा बंद. मात्र तो इंटरकॉमच्या रिसीव्हरवर अवलंबून आहे, प्रत्येकावर चालत नाही, म्हणून वर सांगितलेली पद्धत आधी शिकवा. मशीन जिथून घेतलं तिथे 'टी' चालू करून मागा. नाहीतर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, श्रवणाच्या कामासाठीच.

घरी सराव करा. तुम्ही एका खोलीत, आई दुसऱ्या, मध्ये साधा फोन, आणि टीव्ही मोठ्याने लावून ठेवा.

---

मधली_बहीण

हे मला कुणी सांगितलं कसं नाही? मशीन घेऊन चार वर्षं झाली!

सराव चालू केलाय. शेजारणीचा जुना लँडलाइन सेट मागून आणला. आई रिसीव्हर डोक्याला लावून बसते. माझी मुलगी म्हणाली, आजी केसांना फोन लावतेय. फोटो काढू दिला नाही.

---

मधली_बहीण (बारा दिवसांनी)

पुढे काय झालं ते सांगायला लिहितेय.

ई-मुलाकातीची नोंदणी झाली, पहिली वेळ अजून मिळायची आहे. 'टी' चालू करून आणलं. आणि काल आई मुलाकातीला आली.

आधी माझ्याकडे देतच नव्हती रिसीव्हर. डोक्याच्या वर धरला, जागा शोधली आणि एकदम थांबली. मी बघत होते, तिकडे त्याचे ओठ हलले आणि इकडे हिचा चेहरा. मग जी सुरू झाली ती अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात. "जेवतोस का? आंघोळीला पाणी असतं का? दाढी का नाही केलीस?" रांगेतला शिपाई वळून बघायला लागला. भाऊ पलीकडून हाताने 'हळू, हळू' करतोय आणि हसतोय. नंतर मी रिसीव्हर घेतला तर म्हणाला, "तिला सांग, मला कानाचा काही त्रास नाहीये."

वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा तिचं दाढीचंच चाललं होतं. माझ्या वाट्याला दीड मिनिट आलं, त्यात वकिलांचा निरोपही राहिला.

घरी येऊन तिने पोस्टकार्ड मागितलं. तिला आंतरदेशीय नको, "त्यात फार जागा असते." आमच्या जवळच्या दोन्ही पोस्टांत पोस्टकार्डं संपलीत. मुंबईत नक्की कुठे मिळतील? एकदम पन्नास घेऊन ठेवीन म्हणते.

---

रात्रपाळी

सीएसएमटीजवळ जीपीओत बघा, मी तिथूनच घेतो. सुटे घेऊन जा. पन्नासचे पंचवीस रुपये होतात.

---

अबोली_७

आणि कोपऱ्यात आकडा टाकायला सांगा त्यांना. १ पासून.