मदत हवी आहे: गरब्याची लय आणि धावण्याची पावलं कशी जुळवावीत?

नमस्कार मंडळी. मी वडोदऱ्याची, राहायला दांडिया बाजारात, सकाळी कमाटीबागेत धावते. धावताना ऐकायच्या गाण्यांची यादी करतेय आणि एका जागी पार अडलेय. धावणारे आणि ताल जाणणारे, दोघांचीही मदत लागेल.

आधी गरज सांगते. माझा सहज वेग किलोमीटरला साडेसात मिनिटं. त्या वेगात दोन्ही पाय धरून मिनिटाला 156 पावलं पडतात. गुडघा पुढच्या बाजूने दुखायला लागला म्हणून फिजिओथेरपिस्टना दाखवलं. त्यांनी माझ्या धावण्याचा व्हिडिओ काढून तो थांबवत थांबवत दाखवला: पाऊल शरीराच्या बरंच पुढे पडतंय, टाच आधी टेकतेय आणि त्या क्षणी गुडघा जवळजवळ ताठ आहे. वेग आहे तोच ठेवा, पावलं तेवढी पाच टक्क्यांनी वाढवा, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे मिनिटाला 164. हिशेब केला तर पाऊल साधारण 85 सेंटीमीटरवरून 81 वर येतं. फरक चारच सेंटीमीटरचा, पण लक्ष जरा इकडेतिकडे गेलं की पाय जुन्या चालीवर जातात. मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं साधन) लावला की पावलं बरोबर पडतात, पण अर्धा तास ती टिकटिक कानात नको वाटते.

म्हणून गाणी. आणि गाणी म्हटलं की माझ्यासाठी गरबा. घरात आम्ही मराठी बोलतो, गौरी-गणपती बसवतो, पण नवरात्रातल्या नऊ रात्रीही लहानपणापासून अंगात मुरल्या आहेत. ढोल ऐकला की पाय उचलतातच. तेव्हा यादी मला गरब्याचीच हवी आहे, जिमच्या इंग्रजी गाण्यांची तयार यादी कृपया सुचवू नका.

अडचण पहिली. एका गरब्याची लय ॲपने 165, म्हणजे मिनिटाला 165 ठोके, दाखवली. मला हवी तीच! पण त्यावर धावायला गेलं की एक पाऊल टाळीवर पडतं आणि पुढचं सुटतं. आकडाच चुकीचा म्हणावा, तर दुसऱ्या ॲपनेही तोच दिला.

अडचण दुसरी, आणि हिच्यासाठी मुख्य धागा. दुसरा एक गरबा 82 च्या आसपासचा आहे. दर ठोक्याला दोन पावलं घेतली की नेमकी 164. पण रेकॉर्डिंग मैदानातलं आहे. ठोके मोजले तर सुरुवातीला 76 आणि शेवटी 88. लय चढवत नेणं हाच तर गरब्याचा प्राण, त्याबद्दल तक्रार नाही. धावताना मात्र पावलं 152 पासून 176 पर्यंत ओढली जातात आणि शेवटी धाप लागते. गाणं सरसकट हळू केलं की सुरुवात आणखी रेंगाळते. ही चढती लय सपाट करता येते का? संगणक आहे, विकतचं सॉफ्टवेअर नको.

प्रतिसाद 1

ताई, सरळ 180 वर जा. सगळे चांगले धावपटू 180 नेच धावतात. 90 च्या लयीची गाणी शोधा, काम झालं.

प्रतिसाद 2

वरच्या सल्ल्याशी असहमत. 180 हा आकडा जॅक डॅनियल्स या अमेरिकी प्रशिक्षकांच्या निरीक्षणातून आला. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी धावपटूंची पावलं मोजली, तेव्हा जवळजवळ सगळ्यांची 180 किंवा त्याहून जास्त भरली. पण ते ऑलिंपिकचे धावपटू होते, आणि शर्यतीच्या वेगात होते. ताईंच्या साडेसात मिनिटांच्या वेगाला 180 लावलं तर पाऊल 74 सेंटीमीटरचं होईल. इतका बदल एकदम केला तर दम लागेल आणि पोटऱ्या धरतील. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांचा 2011 मधला अभ्यास आहे: आपल्या नेहमीच्या पावलांत पाच टक्के वाढ केली की गुडघ्यावरचा भार कमी होतो, दहा टक्के केली की खुब्यावरचाही. फिजिओंनी पाच टक्के सांगितले आहेत ते योग्यच आहेत, 164 च धरा.

आपली पावलं ओळखून त्या लयीचं गाणं लावणारी सोय स्पॉटिफायने 2015 मध्ये आणली होती, 2018 मध्ये काढून टाकली. ती असती तरी चढत्या लयीच्या गरब्यापुढे फारशी उपयोगी पडली नसती. हे काम हातानेच करावं लागेल.

प्रतिसाद 3

मी तबला वाजवतो, थोडा धावतोही. सविस्तर लिहितो.

तुमचा पहिला गरबा हींच तालातला असणार. सहा मात्रा, आघात पहिलीवर आणि चौथीवर. टाळी आणि पाय या दोन आघातांवर चालतात. ॲपने सहा मात्रांचे तीन-तीनचे दोन गट करायच्या ऐवजी दोन-दोनचे तीन केले. म्हणून खऱ्या 110 च्या जागी 165 दिसलं, बरोबर दीडपट. तुम्ही 165 ने धावता तेव्हा पावलं पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेवर पडतात. चौथीचा आघात दोन पावलांच्या ऐन मधोमध येतो. शिवाय सहा मात्रांच्या एका आवर्तनात पावलं तीन, म्हणजे सम (आवर्तनाची पहिली मात्रा) एकदा डाव्या पायावर, एकदा उजव्या. पाय बिचकणारच. हे गाणं ताणून 164 वर नेऊ नका, ओळखू येणार नाही. 110 ही भरभर चालण्याची उत्तम लय आहे, धावण्याआधी अंग मोकळं करताना तेच लावा.

पुढचं गाणं निवडताना ॲप बाजूला ठेवा. टाळीबरोबर अर्धा मिनिट ठोके मोजा आणि दुप्पट करा. मग दर ठोक्यात ‘एक-दोन’ म्हणून पाहा. ढोलकची मधली थाप ‘दोन’वर आली तर केरव्याची (आठ मात्रांच्या तालाची) चाल आहे, 82 च्या लयीत दोन पावलं मजेत बसतील. ‘एक-दोन-तीन’ म्हणावंसं वाटलं तर ते गाणं सोडा.

आता चढत्या लयीचं. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात ‘चेंज टेम्पो’ने सगळं गाणं एकाच टक्क्याने बदलतं. तुम्हाला हवं आहे ‘स्लायडिंग स्ट्रेच’. त्यात सुरुवातीचा आणि शेवटचा बदल वेगवेगळा देता येतो, मधलं ते स्वतः सांभाळून घेतं. 76 चे 82 करायला सुरुवातीला अधिक 7.9 टक्के, 88 चे 82 करायला शेवटी उणे 6.8. सूर बदलायच्या रकान्यांत शून्यच ठेवा, म्हणजे पट्टी हलणार नाही.

एक सांभाळा. ही युक्ती लय एकसारखी चढत असेल तरच चालते. बहुतेक वेळा तसं नसतं. गायिका अंतऱ्यापर्यंत एका लयीत राहते, मग ढोली एक तिहाई (एकच बोल तीनदा) घेऊन एकदम वर जातो. आधी दर मिनिटाला लय मोजून कागदावर मांडा. जिथे उडी दिसेल तिथे समेवर कापा आणि प्रत्येक तुकड्याचा टक्का वेगळा काढा.

धागाकर्ती

किती नेमकं सांगितलंत, दादा! पहिल्या गरब्यावर ‘एक-दोन-तीन’च येतं. 82 वाल्याची लय तुम्ही म्हणता तशी मांडली, तर दोन उड्या निघाल्या. तीन तुकडे करून जोडले आणि आज त्यावर धावले. पावलं पूर्णवेळ 163-165 मध्ये राहिली. इतका आनंद झाला की घरी येऊन सगळ्यांना ऐकवलं.

दोन शंका उरल्यात. पहिल्या तुकड्यात ढोलकची थाप जरा पुसट, पसरल्यासारखी येते. आणि ब्लूटूथने आवाज उशिरा येतो म्हणतात, त्याने लय चुकेल का?

प्रतिसाद 3

ब्लूटूथचा उशीर सगळ्या गाण्यात सारखाच असतो आणि पाय जुळतात ते कानाला ऐकू येणाऱ्या ठोक्याशी. फरक पडत नाही.

पुसट थापेसाठी त्या तुकड्याचे आणखी छोटे भाग करा आणि प्रत्येकाला साधं ‘चेंज टेम्पो’ लावा. त्यात उच्च दर्जाच्या स्ट्रेचिंगची खूण असते, ती लावून आणि काढून दोन्ही ऐका. गाण्याला ती बरी पडते, पण ढोलकला बहुधा काढलेलीच बरी. तरीही थापेला धार आली नाही, तर तेवढा भाग 80 वर सोडा. मिनिटाला चार पावलं कमी पडतील, पण ठोका स्वच्छ ऐकू येईल, आणि पायाला तोच लागतो.

प्रतिसाद 2

ताई, बागेबाहेर काळा घोड्याच्या बाजूला रस्ता ओलांडताना एक कान मोकळा ठेवा. आणि जमलं तर हा लय मांडलेला कागद इथे टाका. आमच्याकडेही मैदानातली अशी रेकॉर्डिंग पडून आहेत, कुठे कापायचं ते त्यावरून कळेल.