एव्हा झायसेल: गोंडस, पण वापरातली

एकांनी लिहिलंय की एव्हा झायसेल या हंगेरियन-अमेरिकन डिझायनरची भांडी म्हणजे नुसती गोंडस वळणं, शोकेसमध्ये ठेवायची. नाही पटलं. १९४६ साली न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात मांडलेला तिचा पांढराशुभ्र, बिननक्षीचा डिनर सेट एकवेळ सोडा, तो मिरवायचाच होता. पण रेड विंग पॉटरी या अमेरिकन कंपनीसाठी केलेली ‘टाउन अँड कंट्री’ या भांड्यांच्या मालिकेतली मीठदाणी-मिरीदाणीची जोडी बघा. एक मोठी, एक धाकटी. धाकटी मोठीच्या कुशीत अगदी माय-लेकरासारखी बसते. रोज जेवणाच्या टेबलावर हाताळायचीच वस्तू की ही!

आणि हे सगळं कधी, तर स्टालिनच्या हत्येच्या कटाचा खोटा आळ येऊन १६ महिने सोव्हिएत तुरुंगात, बहुतेक एकांतकोठडीत, काढल्यानंतर. बाई १०५ वर्षं जगली आणि नव्वदीनंतरही नवे आकार घडवत राहिली.