दचकल्यावर लगेच धडधड, पण रात्रभर झोप नाही, असं का?

घाटवाट: परवा रात्री ताम्हिणीत वळणावर ट्रक एकदम अंगावरच आला, कसाबसा ब्रेक दाबला आणि वाचलो. क्षणात छातीत धडधड, तळहात ओले, तोंडाला कोरड. पुढे टपरीवर थांबलो तर चहाचा ग्लास हातात धरवेना, बोटांवर सांडला. थोड्या वेळाने शांत झालो पण घरी पहाटे तीनपर्यंत डोळ्याला डोळा नाही. अॅड्रेनलिन एवढा वेळ टिकतं का हो?

फिजिओवाली: वाचलात हे महत्त्वाचं! नाही, ते रक्तात दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं. पहिली धडधड तर हृदयाकडे जाणाऱ्या नसांमुळेच. किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली अॅड्रेनल ग्रंथी म्हणजे खरं तर एकात एक दोन ग्रंथी आहेत. आतल्या गाभ्यात अॅड्रेनलिन आधीच भरून ठेवलेलं असतं आणि मज्जारज्जूतून आलेली नस थेट तिथे पोचते, इशारा आला की लगेच रक्तात. बाहेरच्या सालीचा कारभार वेगळा, मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग त्याच्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला सांगणार, पिट्युटरी रक्तातून एसीटीएच नावाचं संप्रेरक पाठवणार, मग साल कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक बनवायला घेणार कारण त्याचा साठा नसतोच. म्हणून ते मागाहून वाढतं आणि तास-दोन तास रेंगाळतं. मध्यरात्री ते एरवी सगळ्यात कमी असतं, तुमचं तेव्हा चढलेलं असणार. शिवाय मेंदू तो ट्रक परत परत बघत बसतो, ते वेगळंच.

सांजवात: यावरून एक कळकळीने सांगते. माझ्या आईला सांधेदुखीसाठी बरेच महिने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड गोळीतून चालू होतं, बरं वाटलं म्हणून तिने मनानेच बंद केलं आणि आठवड्याभरात उलट्या, चक्कर, बीपी एकदम खाली, अॅडमिटच करावं लागलं. डॉक्टर म्हणाले बाहेरून असं कॉर्टिसोलसारखं स्टेरॉइड मिळत राहिलं की पिट्युटरी एसीटीएच पाठवणं कमी करते आणि ती साल काम नसल्याने आक्रसते, परत जागी व्हायला कधीकधी महिने लागतात. म्हणून डोस डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळूच उतरवायचा.

फिजिओवाली: अगदी बरोबर. आणि अशा पेशंटला मोठा ताप आला किंवा ऑपरेशन निघालं तर डॉक्टरांना ही गोळी चालू आहे किंवा होती हे आधी सांगा, डोस वाढवावा लागू शकतो.

घाटवाट: दोघींचे आभार. मामीला दम्यासाठी बहुतेक हीच गोळी दिलीय आणि ती परवाच म्हणत होती आता सोडून देते म्हणून, आत्ताच फोन लावतो.