इंग्रजी शोधनिबंध मोबाइलवर वाचताना मराठी भाषांतराचा आधार घ्यावा का?

प्राध्यापिका, सातारा:
दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली माझी पदव्युत्तर वर्गातील मुले इंग्रजी शोधनिबंध मोबाइलवर उघडतात, एकेक परिच्छेद भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकतात आणि समोर येणारे मराठी वाचून निबंध वाचून झाला असे मानतात. परवा एका विद्यार्थिनीने वर्गात सांगितले की, दोन खतांमुळे उसाच्या उत्पादनात लक्षणीय, म्हणजे फार मोठा फरक पडला. मुळात ‘सिग्निफिकंट’ हा संख्याशास्त्रातला शब्द होता. खतांमध्ये खरोखर फरक नसता, तर एवढी तफावत निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता कमी, इतकेच तो सांगतो. फरक किती मोठा, याविषयी तो काहीच सांगत नाही. म्हणून पहिले वाचन छापील प्रतीवर, हातात पेन्सिल घेऊन आणि केवळ इंग्रजीतूनच व्हावे, असे माझे ठाम मत आहे.

संशोधक विद्यार्थी, सांगली:
मॅडम, आपल्या उदाहरणातली चूक भाषांतराची नाही. बोलीभाषेतला ‘सिग्निफिकंट’ ज्याला ठाऊक आहे, तो इंग्रजीतून वाचूनही नेमका तिथेच फसेल. दुसऱ्या भाषेतील वाचनाचे अभ्यासक नील अँडरसन यांनी 2003 मध्ये दुसऱ्या भाषेतून पडद्यावर वाचणाऱ्यांसाठी 38 विधानांची प्रश्नावली वापरली; तीत मातृभाषेत भाषांतर करणे आणि दोन्ही भाषांत विचार करणे या वाचनाला आधार देणाऱ्या युक्त्याच मानल्या आहेत. मी स्वतः जत ते सांगली प्रवासात एसटीतच वाचतो. आधी सारांश, मग तक्ते, मग निष्कर्ष, आणि अडलेले तेवढेच वाक्य मराठीत करून पुन्हा मूळ वाक्याशी ताडून पाहतो. प्रत्येक निबंधाची झेरॉक्स काढायची, तर महिन्याच्या जेवणाच्या पैशांना हात लावावा लागेल. ही अडचण आमच्या आळसाच्या खात्यात जमा होऊ नये, एवढीच विनंती आहे.

ग्रंथपाल, कराड:
खर्चाचा मुद्दा मान्य आहे, तरी मी मॅडमच्या बाजूचा आहे. 2018 मध्ये 54 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो आणि वेळेचे बंधन असेल तर पडद्याचा तोटा वाढतो, असे आढळले. एसटीत थांबा येईपर्यंत उरकलेले वाचन याहून वेगळे कसे म्हणावे?

प्राध्यापिका, सातारा:
त्या आढाव्याने कागद आणि पडदा यांची तुलना केली. मराठीच्या आधाराचा प्रश्न त्याने सुटत नाही. मूळ वाक्याशी ताडून पाहण्याची सांगलीच्या विद्यार्थ्याची रीत माझ्या वर्गात कुणालाच नाही, ती मी शिकवायला हवी होती. छपाईची अट मी मागे घेते. चर्चेचा आणि निष्कर्षाचा भाग मात्र मी इंग्रजीतूनच वाचून घेईन, कारण तिथे लेखक ‘मे सजेस्ट’, म्हणजे ‘असे सूचित होत असावे’, असे जपून लिहितो आणि मुलांच्या वहीत त्याचे ‘सिद्ध होते’ झालेले मी वारंवार पाहिले आहे.