नाचता येईना, टीम वाकडी?

सहावा_गडी (धागाकर्ता)

सीझन संपला, डोकं थंड झालं, म्हणून आता लिहितोय. हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पोकेमॉनच्या अधिकृत व्हिडिओ गेम स्पर्धा, म्हणजे व्हीजीसी, डबल्समध्ये होतात. सहा जणांची टीम न्यायची, समोरच्याचे सहा बघायचे आणि दीड मिनिटात आपले चार निवडायचे. दोन मैदानात, दोन मागे. सगळे लेव्हल ५० चे, आणि एक आयटम टीममध्ये एकालाच.

२०२४-२५ मध्ये नियमांचे तीन संच झाले. सप्टेंबरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत रेग्युलेशन एच. त्यात लेजेंडरी (दंतकथेतले ताकदवान) नाहीत, पॅराडॉक्स (भूत-भविष्यातले) नाहीत, सगळी मध्यमवर्गीय मंडळी. मग एप्रिलअखेरपर्यंत जी, म्हणजे मिराइडॉन, कॅलिरेक्स यांसारखा एक बडा टीममध्ये चालतो. मेपासून आय, त्यात असे दोन. मी जर्मनीत असतो. जवळपासच्या छोट्या स्पर्धा आणि दोन रीजनल (मोठ्या प्रादेशिक स्पर्धा) एवढी माझी धाव.

एचच्या चार महिन्यांत मी पाच टीम बदलल्या. पहिली पावसाची: पेलिपर पाऊस आणतो, पावसात आर्कालुडनचा इलेक्ट्रो शॉट न थांबता सुटतो, वर स्पेशल अटॅकही एक पायरी चढतो. दोन स्पर्धा हरलो, टीम मोडली. मग ट्रिक रूम (यात हळू तो आधी खेळतो). मग रिलाबूम, इन्सिनेरोअर, प्रायमरीना. चौथी नि पाचवी आठवायचीही इच्छा नाही.

तिसऱ्या टीमची एक मॅच मात्र डोक्यातून जात नाही. रीजनल, दोन हारी आधीच पदरात, तिसरी झाली की दुसरा दिवस (पहिल्या दिवशी तगलेल्यांचा) विसरायचा. बेस्ट ऑफ थ्रीचा शेवटचा गेम. समोर किंगॅम्बिट. आता ओपन टीम शीट असते, म्हणजे समोरच्याचे मूव्ह, आयटम, अ‍ॅबिलिटी, टेरा (मॅचमध्ये एकदाच बदलता येणारा प्रकार) सगळं कागदावर. त्या कागदावर ‘डिफायंट’ लिहिलेलं मी दोनदा वाचलं होतं. तरी सवयीने इन्सिनेरोअर पुढे काढला. त्याचा घाबरवणारा गुण, इंटिमिडेट, बसला, किंगॅम्बिटचा अटॅक एक पायरी उतरला आणि डिफायंटने (कुणी उतरवलं की उलट चढवणारा गुण) दोन चढला. पुढचं सांगत नाही. घरी येऊन मी काय केलं? इन्सिनेरोअरला टीममधून काढलं. त्या बिचाऱ्याने काय केलं होतं!

डिसेंबरात एक वही केली. प्रत्येक हार, आणि पुढे कारण. चाळीसेक हारी झाल्यावर पानं चाळली तर ‘टीमच कमी पडली’ असं मनापासून म्हणता येईल अशा पाच-सहाच निघाल्या. बाकी सगळीकडे चुकीचे चार नेले, प्रोटेक्ट (एका फेरीची ढाल) नको तेव्हा दाबला, टेरा फार लवकर खर्चला.

म्हणून जीसाठी दुसऱ्या एकाने प्रसिद्ध केलेली मिराइडॉनची टीम जशीच्या तशी उचलली आणि चार महिने तीच खेळलो. बदल दोनच: एक आयटम, आणि आयर्न हँड्सचे थोडे ईव्ही (आपण वाटून द्यायचे ताकदीचे गुण) अटॅकमधून काढून स्पेशल डिफेन्सला. मिराइडॉन आला की इलेक्ट्रिक टेरेन पडतं, जमिनीवरच्या कुणाला झोप लागत नाही, त्यामुळे अमूंगसचा झोपवणारा स्पोर वाया जातो, हे पहिल्या दिवसापासून पाठ होतं. पण टेरेन पाच फेऱ्यांनी संपतं, आणि मुरलेला खेळाडू अमूंगसला नेमका त्याच फेरीसाठी मागे झाकून ठेवतो, हे अंगवळणी पडायला दोन महिने लागले. या टीमने मी पहिल्यांदा रीजनलचा दुसरा दिवस पाहिला.

तर माझं मत: ज्याला मी टीम बिल्डिंग म्हणत होतो ती खेळापासून केलेली पळापळ होती. सीझनच्या मध्यात टीम मोडू नये. बोला.

---

निवांत_स्नॉरलॅक्स

लेख आवडला, मत नाही आवडलं. दुसऱ्याची टीम उचलायची आणि वर टीम बिल्डिंगवर प्रवचन? हे म्हणजे बाहेरून पुरणपोळ्या आणून पुरण कसं वाटावं ते शिकवणं झालं.

२०१४ ची वॉशिंग्टनची विश्वस्पर्धा आठवा. सेजुन पार्क पाचिरिसू घेऊन आला आणि जगज्जेता झाला. लोक त्या खारीवर हसत होते. ‘मध्यात मोडू नये, जे चालतं तेच चालवावं’ असं त्याने मानलं असतं तर?

---

हिशेबनीस

असहमत, पण वरच्या प्रतिसादाशी त्याहून जास्त असहमत.

आधी पाचिरिसूचं. त्याला लहर म्हणणं पार्कवर अन्याय आहे. त्या वर्षी फक्त कालोस या गेममधल्या प्रदेशाच्या यादीतले पोकेमॉन चालत होते. समोरच्याचे वार स्वतःवर ओढणारा कुणीतरी हवा होता. अमूंगसची रेज पावडर गवती पोकेमॉनवर चालत नाही, पाचिरिसूचा फॉलो मी सगळ्यांवर चालतो. वर व्होल्ट अ‍ॅब्सॉर्ब, म्हणजे गॅराडॉसकडे येणारी वीज हा पिऊन टाकणार. सुपर फँगने कुणाचंही उरलेलं रक्त निम्मं. आणि ड्रॅको मीटिअरसारखा जबर वार खाऊन उभा राहील इतकी जाड अंगकाठी दिलेली. जागा आधी ठरली, मग त्या जागेत बसणारा शोधला. गंमत म्हणून खार आणली, असं काही झालं नाही.

आता धागाकर्त्यांकडे. तुमच्या वहीत दोन भोकं आहेत.

एक, तुलनाच चुकली. एच सप्टेंबरात नवाकोरा होता, काय चालतं हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. जी आधीच उकळून आटवलेला. २०२४ च्या उन्हाळ्यात तोच होता, ऑगस्टमधली होनोलुलूची विश्वस्पर्धा त्याच नियमांवर झाली आणि इटलीचा लुका चेरिबेली मिराइडॉन घेऊनच जिंकला. जानेवारीत तुम्ही जी टीम उचललीत तिच्यामागे इतरांची कित्येक महिन्यांची घासाघीस होती. तुम्ही बदल केले नाहीत कारण ते आधीच कुणीतरी करून ठेवले होते. ‘टीम बदलू नये’ हे त्यातून सिद्ध होत नाही. बदलून झालेली टीम बदलावी लागत नाही, एवढंच होतं.

दोन, वही तपासली कुणी? तुम्हीच. टीमचा दोष खेळताना खेळाडूच्या चुकीसारखाच दिसतो. समजा तुमच्याकडे वेगासाठी एकच टेलविंड आहे. तो चार फेऱ्या टिकतो. त्यात काम उरकायचं म्हणून तुम्ही घाई करता, समोरचा प्रोटेक्ट करतो, तुमचा वार वाया. रात्री वहीत काय लिहाल? ‘घाई केली.’ खरं कारण वेगाची दुसरी सोय नसणं हे आहे. ते वहीत कधी येणारच नाही, कारण ते कुठल्याच एका फेरीत घडत नाही.

---

कोथरूडची_पिचू

दादालोक, आमच्यासारख्यांचंही ऐका. मी पुण्यात, थर्ड इयर. स्विच लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, कारण निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकतच नाही. रीजनलला जायचं तर पासपोर्ट लागतो. त्यामुळे खेळ सगळा शोडाउन नावाच्या सिम्युलेटरवर, ब्राउझरमध्ये, फुकट.

आणि तिथे टीम बदलायला दोन मिनिटं लागतात. हाच रोग आहे. हरलं की लगेच बिल्डर उघडायचा, ईव्ही इकडचे तिकडे, टेरा बदल, पुन्हा लॅडर (ऑनलाइन क्रमवारीचे सामने). मागच्या महिन्यात माझ्या फोल्डरमध्ये ६३ टीम होत्या. त्यातल्या बहुतेक एकदाच खेळलेल्या. गडी दादांची पळापळ मी रोज रात्री करते, फक्त तिकीट न काढता.

पण प्रश्न असा, की लॅडरवर बहुतेक वेळा एकच गेम असतो. तिथे समोरच्याला चकवलं की काम झालं. बेस्ट ऑफ थ्रीमध्ये दुसऱ्या गेमला त्याला सगळं कळलेलं असतं. मग ‘टीम धरून ठेवा’ हा नियम दोन्हीकडे कसा लागेल?

---

पावसाळी_पेलिपर

पहिलीच टीम पावसाची आणि दोन स्पर्धांत मोडली!! निषेध. बाकी वाचलं नाही.

---

निवांत_स्नॉरलॅक्स

@हिशेबनीस, पाचिरिसूबद्दल मान्य. पण तुमचं आटवलेल्या दुधाचं तत्त्व नेहमी जिंकतं असं नाही ना. २०१६ चा सीझन आठवा. जिकडे पाहावं तिकडे ग्राउडॉन आणि झर्नियस. सॅन फ्रान्सिस्कोला वुल्फ ग्लिक कायोगर-रेक्वाझा घेऊन बसला, सोबत हिटमॉनटॉप, ब्रॉन्झाँग, रायचू. तीन फेरीवाले आणि दोन राजे. आणि जिंकला.

---

हिशेबनीस

आणि त्याच्या आदल्याच वर्षी बॉस्टनला शोमा होनामी जिंकला तो क्रेसेलिया, हीट्रान, अमूंगस, लँडोरस आणि कांगस्खान घेऊन. त्या पाच जणांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक त्या टीमला ‘चॉक’ म्हणत होते, इतकी ती सगळ्यांना पाठ. असे दाखले दोन्हीकडून फेकत बसलो तर सकाळ होईल. तुमच्या रायचूचंही ऐका: त्याचा लाइटनिंग रॉड कायोगरवर येणारी वीज ओढून घेतो. तो फेरीवाला नव्हता, अंगरक्षक होता.

पिचूताई, तुमचा मुद्दा सगळ्यांत चांगला आणि त्याचं उत्तर या धाग्यात कुणी दिलेलं नाही. ओपन शीट आल्यापासून लपवायला उरलेत ईव्ही आणि नेचर (स्वभाव). म्हणजे चकवा देणाऱ्या टीमचा भाव मोठ्या स्पर्धेत पडला आणि लॅडरवर तसाच राहिला. लॅडरवर घडवलेली टीम घेऊन रीजनलला जाणारा तिथे का आपटतो त्याचं अर्धं कारण हेच.

---

सहावा_गडी (धागाकर्ता)

पहिल्या भोकापुढे हात टेकले. होनोलुलूचा विचार मी लिहिताना केलाच नव्हता. जी मध्ये मला तयार घर मिळालं, एच मध्ये मी पावसात तंबू ठोकत होतो. हे कबूल.

दुसऱ्यावर मात्र अडतो. टेलविंडचं तुमचं उदाहरण चोख आहे, पण तो दोष दिसायलासुद्धा तीच टीम तीस-चाळीस मॅच खेळावी लागते. मी आठ-दहा मॅचनंतर मोडत होतो. तेवढ्यात स्नीझलरचा डायर क्लॉसुद्धा खरा रंग दाखवत नाही. निम्म्या वेळा विष, लकवा नाहीतर झोप, म्हणजे सलग तीन मॅच नशिबाने जाऊ शकतात, आणि मी त्याच तीन मॅचवरून ठरवलं होतं की टीमला स्नीझलर झेपत नाही. तुमच्या म्हणण्याप्रमाणे वही खोटं बोलत असेल, पण मी तिला पुरावा जमवायला वेळच दिला नाही.

निवांतराव, उचललेल्या टीमबद्दल: टोमणा बसला. पण आणखी एक सांगतो. शोडाउनवर दोन मिनिटांचं काम त्या सीझनच्या गेममध्ये तासांचं होतं. पकडा, वाढवा, ईव्ही द्या, टेरा बदलायला शार्ड गोळा करा. या कष्टातून पळवाट काढून बाहेरच्या साधनांनी बनवलेले पोकेमॉन आणल्यामुळे २०२३ ला योकोहामाच्या विश्वस्पर्धेत काही जण बाद झाले होते. मी प्रामाणिकपणे पाच टीम वाढवल्या. त्या तासांत दीडशे मॅच झाल्या असत्या.

---

पाटावरची_आजी

माझा नातू हेच खेळतो. हरला की म्हणतो आज्जी, टीम खराब होती. मेंढीकोटात पानं वाईट आली म्हणून आम्ही डाव उधळला असता तर जोडीदाराने घरात घेतलं नसतं.

(बाकी काही समजलं नाही. किंगॅम्बिट म्हणजे कोण?)

---

कोथरूडची_पिचू

आज्जी, लोखंडी मिशावाला सेनापती. त्याला घाबरवायला गेलं की तो जास्त चिडतो. 😄

---

हिशेबनीस

आजींचा दाखला गोड आहे, पण पत्त्यात पानं वाटली जातात, इथे आपण ती घरी बसून निवडतो. म्हणून जबाबदारी दोन्हीकडची.

गडीभाऊ, वाद मिटवायचा असेल तर एक सुचवतो. तुमची सप्टेंबरातली पावसाची टीम काढा, ती मोडलीत ती. एकही ईव्ही न हलवता शोडाउनवर बेस्ट ऑफ थ्रीच्या तीस मॅच खेळा. समोर पिचूताई, निवांतराव, मी, पाळीपाळीने. वही तुम्ही लिहायची नाही. रीप्ले मी बघणार आणि प्रत्येक हारीचं कारण मी लिहिणार. तुमचं मत खरं असेल तर तिसाव्या मॅचला तुम्ही पहिल्यापेक्षा बरे खेळत असाल. माझं खरं असेल तर तिसावी हारही पहिलीसारखीच दिसेल.

---

सहावा_गडी (धागाकर्ता)

मंजूर. एकच अट, कारण लिहिताना ‘नशीब’ हा रकानाही ठेवायचा. रविवारपासून, भारतीय वेळेने रात्री साडेनऊ.

---

निवांत_स्नॉरलॅक्स

मी खार आणणार.

---

पावसाळी_पेलिपर

आता सगळं वाचलं. पेलिपरला डॅम्प रॉक दिलाय का? पाचऐवजी आठ फेऱ्या पाऊस पडतो.

---

सहावा_गडी (धागाकर्ता)

...नव्हता दिला.

---

हिशेबनीस

हलवायचं नाही ठरलंय! एकही ईव्ही नाही, आयटम तर नाहीच नाही.